टिटवीचा खर्ज

आमच्या मुलीला घरात सगळे टिटवी म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, त्यामुळे दोष द्यायचा तर मलाच. जन्मली तेव्हा तिनं असा काही सूर लावला होता की नर्सबाईंनी वेळ लिहून घ्यायच्या आधी कानांवर हात ठेवले. पुढे सातव्या वर्षी हातात बासरी आली, चंदेरी, चाव्यांची, आडवी धरायची, आणि तो उंच सूर एकदाचा कामाला लागला. आता ती अठरा वर्षांची आहे. संगीतशाळेत शिकते, तिथल्या वाद्यवृंदात बासरीवाल्यांच्या पहिल्या खुर्चीवर बसते. घरात टिटवी म्हटलं की ओ देते, पण चारचौघांत म्हटलं तर दोन दिवस बोलत नाही.

मी शिवणकाम करते. नवे कपडे कमी, दुरुस्तीच जास्त. वाढत्या मुलांच्या पँटी खाली सोडायच्या आणि त्यांच्या बापांच्या कमरेत सैल करायच्या, यावर माझा संसार चालतो. पुढच्या खोलीत माझं मशीन, इस्त्रीचं लांबट टेबल आणि आरसा. त्यामागे स्वयंपाकघर, त्यामागे एक खोली. आमचे हे दारं-खिडक्यांच्या कारखान्यात सुतार आहेत. संध्याकाळी सहाला येतात, केसांतला भुसा झटकतात, हातपाय धुतात आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसतात. मग टिटवी बासरी वाजवते आणि हे ऐकतात, तासभर. गेली अकरा वर्षं हे असंच चाललंय. यांना ना बाहेर मित्रमंडळी, ना कसलं व्यसन. तो एक तास तेवढा यांचा.

तर एका सोमवारी टिटवी घरी आली ती पायातले बूट न काढताच आत. मी ओरडणार होते, पण तिचं तोंड बघून थांबले. असं तोंड मुलीचं झालं की आई आधी दाराबाहेर डोकावून बघते, कारण त्याला बहुतेक वेळा एक मुलगा कारणीभूत असतो.

इथे कारणीभूत निघाला चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घरातला थोरला भाऊ. बसून, दोन गुडघ्यांत उभा धरून वाजवतात. झालं होतं असं की संगीतशाळेतल्या चेलोच्या बाईंना चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी जिन्यात भेटलेल्या टिटवीला ‘जरा धर गं’ म्हणून चेलो सोपवला. चष्मा बाईंच्या डोक्यावरच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून त्या परत आल्या, आणि चेलो परत घ्यायच्या आधी गंमत म्हणून त्यांनी सगळ्यात जाड तारेवरून अंगठा ओढला.

“आई, तो आवाज कानात नाही आला,” टिटवी म्हणाली. “इथे आला.” आणि तिनं गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण मंगळवारी मी बाजारातून आले तर ही बया खुर्चीत बसलेली. माझं इस्त्रीचं टेबल भिंतीला उभं टेकवून दोन गुडघ्यांत धरलेलं. त्यावर माझ्या गोधडीच्या जाड दोऱ्याच्या चार तारा ताणून बांधलेल्या. उजव्या हातात माझी मापाची लाकडी पट्टी, गज म्हणून. आणि डोळे मिटून ती पट्टी इकडून तिकडे ओढत होती. आवाज काही नाही, फक्त लाकडावर दोरा घासल्याची खरखर. मी दारात उभी राहिले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अकरा वर्षांच्या बासरीत कधी पाहिलं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. बासरी ती छानच वाजवायची. पण बासरी वाजवताना ती हुशार दिसायची, आणि इथे इस्त्रीच्या टेबलापुढे ती सुखी दिसत होती.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची पँट इस्त्रीविना गेली.

बुधवारी ती बाईंना जाऊन भेटली. बाई म्हणाल्या, तुझे सूर पक्के आहेत, बोटं लांब आहेत, उशीर झालाय पण फार नाही. संगीतशाळेचा एक जुना चेलो आहे, तो वर्षभरासाठी घरी न्यायला मिळतो. अट एकच, रोज दोन तास रियाज, आणि तोही घरीच, कारण शाळेत खोली रिकामी नसते. आणखी एका मुलानं मागितलाय. शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते सांग.

एवढं सांगून झाल्यावर टिटवी माझ्या मशीनशेजारच्या कापडांच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, नाहीच सांगणार आहे.

मला वाटलं घाबरली. तर म्हणे घाबरले नाही. दोन तास म्हणजे संध्याकाळ, कारण सकाळी कॉलेज आणि दुपारी वाद्यवृंद. संध्याकाळी चेलो काढला की बासरी गेली. नवशिक्याचा चेलो म्हणजे पहिले सहा महिने गंजलेलं दार. “बाबा दिवसभर त्या मशिनींत उभे असतात. एवढ्या एका तासासाठी घरी येतात. मी त्यांच्यापुढे दार करकरवत बसू?”

मुलगी बापाचा विचार करते म्हणून ऊर भरून यावा, की अठराव्या वर्षी मन मारते म्हणून कानाखाली द्यावी, मला कळेना. मी म्हटलं, बाबांना विचार तरी. ती म्हणाली, विचारलं तर ते हो म्हणतील, म्हणूनच विचारायचं नाही. मलाही बोलू नकोस म्हणून बजावलं.

आता मला गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. त्याच दिवशी जेवणं झाल्यावर मी भांडी घासता घासता यांच्याकडे पाठ करून विषय काढला. म्हटलं, अहो, टिटवीनं समजा दुसरं वाद्य शिकायचं ठरवलं तर? हे म्हणाले, “हो, उद्या आणतो.” काय आणणार, मी विचारलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी येताना हे साबण घेऊन आले.

हे माझं ऐकत नाहीत यात मला नवल वाटत नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात कुठला नवरा ऐकतो? चहाच्या किटलीनं शिट्टी मारमारून जीव दिला तरी हे शेजारी पेपर वाचत बसतात, यावर तर आमची भांडणं ठरलेली. मी त्याला आळस म्हणायची. माझ्या बहिणीनं तर एकदा यांना ‘शंभर कान असलेला बहिरा’ म्हटलं होतं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. ते हसू आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

गुरुवारची संध्याकाळ. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई सांगून गेल्या होत्या, बाळाला ताप आहे, आत्ताच डोळा लागलाय, जरा आवाज सांभाळा. टिटवी म्हणाली, मी नुसती बोटं फिरवते. बासरीवाल्यांची ही एक रीत आहे. एखादी अवघड जागा बसवायची असली की बासरी ओठांशी धरतात, पण फुंकर घालत नाहीत, नुसत्या चाव्या दाबत जातात. अंग हलतं, मान डुलते, बोटं पळतात, आणि आवाज मात्र नाही. फार तर चाव्यांची टपटप. मी समोर बसून काजं करत होते, मला बाहेरच्या सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या, इतकी शांतता.

हे आले. हातपाय धुतले, स्टूल ओढलं, बसले. मी सांगणार होते की आज वाजवणार नाहीये, पण तोंडात दोरा होता. यांनी नेहमीसारखे हात गुडघ्यांवर ठेवले आणि टिटवीच्या बोटांकडे बघत मान डोलवायला लागले. लयीत. बरोबर लयीत. ती जागा संपली, टिटवीनं बासरी खाली घेतली, आणि हे म्हणाले, “वा. आज फार गोड वाजलं.”

टिटवी यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं बासरी पुन्हा ओठांना लावली, आणि फुंकर न घालता ती जागा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा नुसती बोटांनी वाजवली. यांची मान पुन्हा डोलली. संपल्यावर ती बासरी पेटीत ठेवून आतल्या खोलीत गेली. हे मला म्हणाले, दमली वाटतं पोरगी.



शुक्रवारी दुपारी मी कारखान्यात गेले. बावीस वर्षांत मी तिथं पाचसहा वेळा गेले असेन, तेही डबा विसरला म्हणून. दारातूनच रंध्याचं मशीन आणि गोल करवत यांचा असा कल्ला की छातीत धडधडायला लागलं. तिकडच्या टोकाला हे चौकट जोडत होते. मी एका म्हाताऱ्या सुताराला खुणेनं सांगितलं, जरा बोलवा. त्यानं हाक मारली नाही. लाकडाची एक ढलपी उचलली आणि नेम धरून यांच्या पाठीवर मारली. हे वळले. मग माझ्या लक्षात आलं की तिथं कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं. कुणी ढलपी मारायचं, कुणी बाकावर मोगरी आपटायचं, कुणी दिव्याचं बटण बंद-चालू करायचं. तो म्हातारा माझ्या कानाशी येऊन हसत ओरडला, “वहिनी, इथं पन्नाशी आली की कान आधी निवृत्त होतात, माणूस नंतर.” म्हणजे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि मी, यांच्याबरोबर एका ताटात जेवणारी, तीच तेवढी अंधारात.

जेवणाची सुट्टी झाली, मशिनी थांबल्या. आम्ही फळ्यांच्या थप्पीवर बसलो. मी विचारलं, कधीपासून? यांनी नाटक केलं नाही. म्हणाले, करवतीचा आवाज आधी गेला. पातं बोथट झालं की ते किंचाळतं, ते ऐकू येईना. मग पाखरं गेली. मग तुझं बोलणं अर्धं गेलं, आणि मग बासरी. दोन वर्षं झाली असतील. जाड आवाज येतो, ट्रक येतो, पुरुष माणूस बोललेला कळतो. वरचं सगळं पुसलंय.

“अहो, मग सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तिनं वाजवणं सोडलं असतं. ती माझ्यासाठी वाजवते गं.” हे हातातल्या डब्याकडे बघत होते. “दोन वर्षांत तिला एकदा तरी चुकलीस म्हणालो का मी? आधी किती चुका काढायचो. आता नुसतं वा आणि वा. मला वाटायचं आज ना उद्या तिच्या लक्षात येईल.”

मला यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हींपैकी काहीच धड करता आलं नाही. बाप लेकीसाठी ऐकल्याचं सोंग करतोय आणि लेक बापासाठी आवडीचं सोडून देतेय, आणि मधे मी, दोघांचे कपडे रफू करत. मी एवढंच म्हटलं, आज घरी जाऊन तिला तुमच्या तोंडानं सांगा. बाकी मी काही सांगणार नाही. आणि खरंच सांगितलं नाही, याची नोंद माझ्या नावावर व्हावी.

संध्याकाळी हे आले ते हातपाय न धुताच स्टुलावर बसले. टिटवी बासरी न काढता समोर उभी होती.

“टिटवे,” हे म्हणाले, “मला तुझी बासरी ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

“माहीत आहे, बाबा. काल मी फुंकलंच नव्हतं.”

हे गोरेमोरे झाले. मग हसले, अगदी चोरी पकडलेल्या माणसासारखे, आणि हसता हसता यांनी डोळे पुसले. टिटवी खाली फरशीवर यांच्या पायांशी बसली आणि मग तिच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं, बाई, चष्मा, जाड तार, इस्त्रीचं टेबल, शनिवारची दुपार. इतक्या घाईनं बोलत होती की यांना निम्मं कळेना. मी शेजारी बसून जाड आवाजात पुन्हा सांगत होते, दुभाष्यासारखी. सगळं ऐकून झाल्यावर यांनी विचारलं, उद्या दुपारपर्यंत सांगायचंय ना? ती हो म्हणाली. “मग इथे काय बसलीस, सकाळी उठून जा की.”

पण एक गोष्ट तिघांनाही टोचत होती. चेलो तरी यांना ऐकू येणार होता का?

शनिवारी चेलो घरात आला. दारातून आत घेताना त्याची मान चौकटीला लागू नये म्हणून हे आणि टिटवी तो दोन्ही बाजूंनी धरून असे हळूहळू आले, जणू आजारी नातेवाईक आणताहेत. यांनी आधी सुताराच्या सवयीनं पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं. म्हणाले, पुढचं लाकूड हलकं आहे, मागचं टणक, जोड कुठे आहे ते हातालाही लागत नाही, करणारा कसबी होता. मग टिटवीनं तो गुडघ्यांत घेतला. चेलो टेकवायचा तळाचा खिळा फरशीवर सटकत होता, म्हणून मी माझ्या चपलेनं तो अडवून धरला. तिनं गज जाड तारेवर ठेवला आणि ओढला.

माझ्या मशीनवरच्या बॉबिनी थरथरल्या. एवढा मोठा, खाली खोल जाणारा सूर आमच्या घरात कधी वाजला नव्हता. गजाचं करकरणं होतंच, पण त्याखाली तो खर्ज होता, आणि तो माझ्या चपलेतून वर येत होता.

हे म्हणाले, “वा.”

टिटवीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आता या ‘वा’चं काय करायचं? दोन वर्षं हेच ‘वा’ ऐकलं होतं आम्ही.

पुढचे दीड महिने असेच गेले. यांनी कारखान्यातून एक भोक पाडलेली फळी करून आणली, खिळा त्यात बसायला लागला. मी यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, डावीकडे जाड आवाजांशी सपाट आणि उजवीकडे पातळ आवाजांशी जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. म्हणाले, जाड आवाज अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत, पातळ गेले ते गेले. कानातलं यंत्र मिळालं. त्यानं माझं बोलणं यांना पुरतं ऐकू यायला लागलं, आणि त्याबद्दल यांनी डॉक्टरांचे आभार मानलेले मी तरी ऐकले नाहीत. बासरी मात्र त्यातून किटलीसारखी येते म्हणे. संध्याकाळी घरी आले की यंत्र काढून ठेवतात, कान दुखतो म्हणून.

आणि टिटवी रोज दोन तास करकरत होती. बाई म्हणाल्या होत्या तसंच, गंजलेलं दार. वरच्या सूनबाईंनी एकदा अगदी सभ्यपणे विचारलं, फर्निचर हलवताय का? पण पोरीचा उत्साह असा की जेवताना डावा हात टेबलाच्या कडेवर बोटं बसवत असायचा, रस्त्यानं चालताना बॅगेच्या पट्ट्यावर. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, तर ते मला रोज दाखवायची, किती कडक झाले बघ म्हणून. फक्त स्टुलाकडे बघायची तेव्हा तेवढी गप्प व्हायची. एकदा तिनं मला हळूच विचारलं, “आई, बाबा खरंच ऐकतात, की माझा हात बघतात?” मी म्हटलं, ऐकतात गं. पण छातीवर हात ठेवून सांगायला मला तरी कुठे ठाऊक होतं? या माणसानं न वाजलेल्या बासरीला दाद दिली होती.

मग तो बुधवार आला. टिटवीला बाईंनी पहिलं खरंखुरं गाणं दिलं होतं, सोपं, लहान मुलांना देतात तसं, दहाबारा सुरांचं. ती ते घोळवत होती. हे त्या दिवशी स्टुलावर नव्हते. पटाशीला धार लावायची होती म्हणून खिडकीशी उजेडाला बसले होते, आमच्याकडे पाठ करून. यंत्र फडताळावर. हात दगडावर मागेपुढे चालला होता. टिटवीनं गाणं एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवत असताना यांचा हात थांबला.

“शेवटून दुसरा सूर उतरतोय,” हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले. “तिन्ही वेळा उतरला.”

गज हवेतच राहिला. मला वाटलं पोरगी कोसळते की काय. जेवणात मीठ कमी पडलं म्हटलं तरी फुगणारी ही मुलगी. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते आणि गालांवरून पाणी नुसतं वाहत होतं. ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता, आणि चेलो खाली ठेवायला ती तयार नव्हती.

हे वळले नाहीत. “पुन्हा वाजव,” एवढंच म्हणाले.

तिनं वाजवलं. अजून उतरलाय, हे म्हणाले. तिनं पुन्हा वाजवलं. आता जरा जास्तच चढला. त्या संध्याकाळी यांनी तिला तो एक सूर अकरा वेळा वाजवायला लावला, एकदाही वा म्हटलं नाही, आणि अकराही वेळा ती रडत रडत, हसत हसत वाजवत राहिली.